नावाड्याचा शेवट

सासऱ्यांना गोष्टींचं वेड लागलं ते उतारवयात, आणि ते लावलं सुनेनं. जन्मभर त्यांनी लिफ्टदुरुस्तीची कामं केली. वाचनाशी संबंध काय तो पेपरातल्या कोड्यापुरता. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला, नजरेच्या बरोबर मधोमध डाग बसला. मुलाचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, पण त्यात बापाच्या उपयोगाचा एक चष्मा निघेना.

"तुझ्या दुकानातलं मला आता फक्त फडकं कामाचं," ते मुलाला म्हणायचे.

सून पोटासाठी पुस्तकं वाचायची. एका इमारतीच्या तळघरात, भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत बसून ती माइकसमोर अख्ख्या कादंबऱ्या वाचून काढायची. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण हिच्या पोटात गुरगुरलं तरी त्याला ऐकू जायचं. "वहिनी, काहीतरी खाऊन या, मग ते वाक्य परत घेऊ," तो म्हणायचा.

नजर गेल्यावर सासरे दिवसभर नुसते बसून राहतात हे बघून तिने एकदा आपण वाचलेल्या एका नावाड्यावरच्या कादंबरीचा पहिला भाग त्यांना ऐकायला आणून दिला. त्या गोष्टीतल्या जगात तीन जादूच्या वस्तू होत्या. कुणालाच कापता न येणारा दोर, हरवलेलं माणूस दाखवणारा आरसा, आणि निळी सुरई. सुरईतला एक घोट घेतला की मरण आल्या पावली परत. राजे-महाराजे तिच्यापायी एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि ती नेमकी सापडते एका साध्या नावाड्याला.

"पोरखेळ आहे सगळा," सासरे पहिल्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या भागापर्यंत जेवताना वाद घालायला लागले. "त्या राणीचा काही भरवसा नाही हं. आरसा ढापणार ती, बघ." नावाडी त्यांना फार आवडायचा. हातात सुरई असून तो स्वतः पीत नाही, आधी दुसऱ्याला विचारतो, ह्याचं त्यांना कौतुक. "माणूस म्हणावा तर असा," ते म्हणायचे, जसं काही तो खालच्या मजल्यावरच राहतो.

चौथा भाग संपला त्या सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. यकृताला गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की ऑपरेशन करून बघता येईल, पण ह्या वयात ते मोठं आहे, आणि त्यातून काही महिने मिळतील किंवा तेही मिळणार नाहीत.

"मग राहू द्या," सासरे म्हणाले. तिथेच, खुर्चीतून उठता उठता.

मुलाला ते मुळीच पटलं नाही. घरी आल्यावर त्यानं बापाला समजावलं, चिडला, दुसऱ्या दोन डॉक्टरांची मतं घेऊन आला. आत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीनं, फोनवर रडून घेतलं. सासरे आपले एकच सांगायचे. "मी पुष्कळ जगलो रे. तुझी आई गेली तेव्हाच मी निम्मी बांधाबांध करून ठेवलीय. मला घरीच राहू दे." मग सुनेकडे वळून, "तुझा तो पाचवा भाग कधी येणार? मी जायच्या आधी येऊ दे म्हणजे झालं."

असं काही ते बोलले की ती पटकन उठून स्वयंपाकघरात जायची. नळ सोडायची. भांडी घासून झालेली असली तरी.

पाचवा भाग रेकॉर्डिंगला आला. तिने घरी आणून आधी वाचला. शेवटच्या प्रकरणात म्हातारा, जखमी नावाडी नावेत आडवा पडलाय, सुरई त्याच्या हातात आहे, आणि तो ती नदीत ओतून देतो. कुणी त्याला भाग पाडत नाही. तो म्हणतो, मी इतक्यांना पलीकडे नेऊन सोडलं, मला पलीकडे जायची भीती कसली. मग नावेचा दोर स्वतःच्या हातानं सोडतो.

स्टुडिओत तिने ते प्रकरण एका दमात वाचलं. आवाज कुठे थरथरला नाही, कुठे घाई झाली नाही. काचेपलीकडे कानसेननं डोळे पुसले. "वहिनी, ह्याला हात लावायचा नाही. जसंच्या तसं ठेवणार." ती खूश झाली. बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, की हेच आता घरी वाचायचं आहे.

रेकॉर्डिंग बाजारात यायला अवकाश होता आणि सासऱ्यांना धीर नव्हता. म्हणून ती दुपारी छापील कागद घेऊन त्यांच्या खाटेशी बसायची. दोन उशा पाठीशी घेऊन ते डोळे मिटून ऐकायचे. अंगावर मांस उरलं नव्हतं, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा ते म्हणाले, "सावकाश वाच. आज गडबड नको."

नावाडी नावेत आडवा पडला, इथपर्यंत तिने वाचलं. पुढच्या ओळीवर नजर गेली. समोर ते पाय होते, पांघरुणाखाली काठ्यांसारखे. तिने कागदावरून नजर काढली आणि मनचंच बोलायला लागली. नावाड्यानं सुरई तोंडाला लावली. एक घोट घेतला. जखमा भरून आल्या, हातात बळ आलं, आणि त्यानं वल्हं उचललं. आवाज तोच, लय तीच. हे तिचं कामच होतं. कुठेही शिवण दिसली नाही.

सासऱ्यांनी डोळे उघडले.

"प्याला म्हणजे," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं होतं, तो नाही पिणार." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "बरं. असेल."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मुलाला सांगितलं, "कर तुझं ते ऑपरेशन. आता वाद नको."

मुलाचा आनंद गगनात मावेना. त्यानं तिथल्या तिथे फोन लावले. आत येऊन बायकोचे हात हातात घेतले. "तू काय जादू केलीस? मी इतकं डोकं फोडलं, आणि तू दोन पानं वाचलीस!" त्याच क्षणी तिने सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा उजळला होता. ती म्हणाली, "मी काही नाही केलं." ते त्याला कौतुकाच्या भरात खरं वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. पोट उघडलं, पण गाठ काढता येण्यापलीकडे पसरली होती. टाके भरेनात. ताप चढला. आयसीयूत एकेकालाच आत सोडायचे. ती पहिल्यांदा आत गेली तेव्हा सासऱ्यांचे दोन्ही हात खाटेच्या कठड्याला पट्टीनं बांधलेले होते. "नळ्या ओढतात," नर्स म्हणाली. "थोडे दिवसच." ते जागे होते. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, ह्याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच इतकी लाज वाटली, की ती काही न बोलता परत फिरली. नवऱ्यानं विचारलं, "कसे आहेत?" ती म्हणाली, "झोपलेत."

असंच काही दिवस चाललं. मग त्यांना साध्या वॉर्डात हलवलं. हात मोकळे झाले, नाकातली नळी राहिली. एका सकाळी नवरा औषधं आणायला गेला आणि ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"बाबा, नावाडी सुरई प्यायला नाही."

"काय?"

"पुस्तकात. तो पीत नाही. ओतून देतो. ते मी माझ्या मनानं सांगितलं तुम्हाला."

त्यांनी मान वळवली. डागाच्या कडेनं बघायचे तसं, तिच्या कानाकडे बघत राहिले. "का गं?"

"मला वाचवेना."

"स्टुडिओत वाचलंस?"

"हो."

"म्हणजे तिथे जमलं." त्यांचा आवाज नळीमुळे घासत होता. "मला काय कुकुलं बाळ समजलीस?"

ते थोडा वेळ दम खात राहिले.

"पुस्तकातल्या माणसाचं बघून पोट कापून घेण्याइतका मी बावळट नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सगळे एका बाजूला होतात. माझ्या बाजूला तो एकटा होता. त्यालाही तू तिकडे नेऊन बसवलंस."

ती रडली. त्यांनी तिला गप्प केलं नाही, तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. रडणं थांबल्यावर म्हणाले, "आता मला घरी न्या. आणि तुझ्या नवऱ्याला तू सांग. मी नाही सांगणार."

तिने जिन्यात गाठून नवऱ्याला सगळं सांगितलं. औषधांची पिशवी त्याच्या हातात तशीच होती. "मग मी त्यांना फसवून आत टाकलं," तो म्हणाला. "तू नाही, मी," ती म्हणाली. "मला तेच तर हवं होतं," तो म्हणाला, आणि पुढे चालायला लागला. त्या दिवशी तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, पण घरी न्यायच्या कागदांवर सही त्यानंच केली.

घरी आल्यावर सासऱ्यांनी पुस्तक मागितलं. ती कागद घेऊन बसली. नावाडी आडवा पडला, नदी शांत होती, एवढं वाचलं आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. नदी शांत होती, हे त्याचं का तुझं?"

"पुस्तकातलंच आहे, बाबा."

"मला काय कळणार?" ते कुत्सितपणे बोलले नाहीत. खरोखरच विचारत होते. मग मुलाला हाक मारली. "इकडे ये. हिच्या शेजारी बस. ओळीवर बोट ठेव. ही वाचेल ते छापलंय का, बघ."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नवरा आला, बसला. ती वाचू लागली आणि तो ओळीवरून बोट फिरवत राहिला. दर थोड्या वेळानं सासरे विचारायचे, "आहे?" आणि तो म्हणायचा, "आहे, बाबा." नावाड्यानं सुरईचं बूच काढलं, तिथे तिचा आवाज बसला. तिने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा जमलं नाही. नवऱ्यानं तिच्या हातातून कागद घेतला.

त्याला वाचायची सवय नव्हती. तो अडखळायचा, स्वल्पविरामांवरून सरळ पुढे जायचा, भलतीकडेच थांबायचा. मी इतक्यांना पलीकडे नेऊन सोडलं, हे वाक्य त्यानं तीन वेळा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा ते पुरं झालं नाही. तिसऱ्यांदा पुरं झालं. मग दोर सोडल्याचं वाचलं, आणि कागद मांडीवर पालथा ठेवला.

"हं," सासरे म्हणाले. "आता बरोबर आहे." मुलाचा हात त्यांनी चाचपून शोधला. "तू जेवलास का?"

त्यानंतर घरात ऑपरेशनचा विषय कुणी काढला नाही. त्यांचे जुने शर्ट कुणाला द्यायचे, अवजारांची पेटी कुणी घ्यायची, हे ते सांगत, आणि मुलगा समोर बसून ऐकत असे. सुनेशीही ते पूर्वीसारखे बोलत. फक्त वाचायला सांगत नसत. तिने एकदा आपण होऊन विचारलं, "दुसरं काही वाचू?" ते म्हणाले, "नको गं, आता पुरे." ते गेले तेव्हा सकाळ होती आणि मुलगा त्यांची उशी सारखी करत होता.

नंतर माणसं भेटायला आली. आत्या तिला जवळ घेऊन सगळ्यांना सांगत होत्या, "पोरीनं सेवा केली हो. शेवटपर्यंत गोष्टी वाचून दाखवल्या. माझा भाऊ समाधानानं गेला तो हिच्यामुळे."

"नाही, आत्या," ती म्हणाली. "शेवटचं ह्यानं वाचलं. मी वाचलं ते खोटं होतं."

"बघा, बघा, किती विनय," आत्या म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

नवरा कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता. तिने पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण तोवर आत्यांनी कप तोंडाला लावला होता आणि चहात साखर घालायची राहिली का, असं त्या विचारत होत्या.