एका खांद्याचा ठसा

घिवलीची पोरं कुस्ती खेळायची, पण घिवलीला कुस्तीची माती नव्हती. समुद्रकाठी सगळी वाळू, आणि वाळूत कुस्ती खेळलं की गुडघे सोलून निघतात. म्हणून पावसाळा सरला की वामन वस्ताद डोंगराकडच्या बुधाला निरोप धाडायचे. बुधा बैलगाडीतून तांबडी माती आणायचा आणि मारुतीच्या देवळामागच्या हौदात ओतायचा. तीत ताक, हळद, तेल कालवलं की आखाडा तयार. बुधाचा पोरगा जिवल्या गाडीबरोबर यायचा, तो येता येता कुस्तीही शिकला. गावातल्या काहींना ते खुपायचं. डोंगरची माती चालते, डोंगरचं पोर चालत नाही, अशी आपली माणसं! बोलून काय उपयोग?

वस्ताद मात्र तिथे कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांच्या आखाड्याची एक रीत होती, आणि ती मोडणाऱ्याला ते कान धरून बाहेर काढत. जिंकलं की नाचायचं नाही. पडलेल्याला आधी हात देऊन उठवायचं, आपल्या हाताने त्याच्या पाठीची माती झटकायची, आणि मगच लोकांकडे बघायचं. "पाडनारा मोटा नसतो रे," ते म्हणायचे, "उटवनारा मोटा."

नवशा त्यांचा लाडका. त्याचा बाप होडीसकट समुद्रात गेला, आई नलू मासळी सुकवून विकायची, आणि पोराला घडवलं ते वस्तादांनीच. त्या वर्षी हनुमान जयंतीच्या जत्रेत जो पोरगा जिंकेल त्याला वस्ताद पालघरच्या मोठ्या मैदानात उतरवणार होते. नवशाला दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटची कुस्ती लागली ती त्याची आणि जिवल्याची.

काय गर्दी होती म्हणून सांगू! पलीकडे तारापूरच्या अंगाला बिजलीघराचं काम नुकतंच निघालं होतं, तिथले मजूरही आले होते. सलामी झडली. बराच वेळ कुणी कुणाला आवरेना. मग नवशाने ढाकेचा डाव टाकला आणि जिवल्या धाडकन खाली आला. डावा खांदा मातीत रुतला. चीत व्हायला दोन्ही खांदे टेकावे लागतात. उजवा मात्र त्याने दातओठ खाऊन वर धरला होता, नि तो वळणार, एवढ्यात गर्दी ओरडली, "चीत! चीत!" मजूर ओरडले, "हो गया!" वस्ताद स्वतःच पंच होते. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि हात वर केला.

नवशाने रीतीप्रमाणे हात दिला. जिवल्या उठला. माती झटकायला नवशा त्याच्या पाठीमागे गेला आणि जागच्या जागी थिजला. डावा खांदा तांबडालाल. उजवा स्वच्छ, नुसत्या घामाने चमकणारा! आता हा वळला आणि लोकांनी ती पाठ बघितली, की संपलं सगळं. नवशाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग झटकतो असं दाखवत त्याने हातातली माती त्या कोऱ्या खांद्यावर चोळली. चांगली घसघसून चोळली. लोक म्हणाले, "बघा, काय गुणी पोर! नलूनं वळण लावलं हो!" जिवल्याने फक्त मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

नवशाच्या डोक्याला फेटा बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौदात ठसा दिसला. सकाळीच पोरांनी माती खणून फळीने सपाट केली होती. आणि भर दुपारी बघतात तर मधोमध माणूस पाठीवर पडल्याचा ठसा! टाचा, कंबर, डावा खांदा, सगळं खोल. उजव्या खांद्याच्या जागी माती तशीच, गुळगुळीत. कुणी तरी चेष्टा केली असेल म्हणून पोरांनी पुन्हा खणलं, पुन्हा सपाट केलं. पुढच्या दुपारी पुन्हा ठसा. हौदावर शिडाचं कापड टाकलं, कडेने दगड ठेवले. दगड हलले नाहीत, कापड हललं नाही, आणि कापडाखाली ठसा होताच. मग मात्र पोरांची पाचावर धारण बसली. आखाड्यात कुणी पाय टाकेना.

"अर्दा मानूस हाय," गावचा भूतं काढणारा झुंबर भगत म्हणाला. तांदूळ टाकून, घुमून त्याने सांगितलं, "डोंगरच्या मातीतनं आलाय. उरलेला अर्दा मागतोय. कुना पोराचा घेऊन जाईल." झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की हरल्याच्या रागाने जिवल्याने करणी केली. पोरींनी देवळामागची वाट सोडली. वस्ताद एकदा येऊन ठसा बघून गेले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते घरात जाऊन बसले ते बाहेर येईनात.

एकट्या नवशाला ठाऊक होतं तो ठसा अर्धा का आहे. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. त्याला घास उतरेना. शेवटी एका दुपारी, माणसं उन्हाने घरात दडली असताना, तो एकटाच हौदाच्या काठावर जाऊन बसला. त्याने कापड सारलं आणि काठावरूनच फळीने माती सपाट केली. वारा पडला होता. ताडाचं पान हलत नव्हतं, समुद्राचाही आवाज येत नव्हता.

मग माती खचायला लागली. हळू, कुणी कुणाला अलगद टेकवावं तशी. आधी टाचा उमटल्या. मग कंबर. मग डावा खांदा रुतला. आणि तिथे ते थांबलं. नवशाला श्वास ऐकू आला, दात आवळून खांदा वर धरणाऱ्याचा घुसमटलेला श्वास. ओळखीचा होता तो. जत्रेत तोच त्याच्या कानाशी घुमला होता.

भीतीने माणूस काय करील नेम नाही. नवशाने हौदात उडी मारली आणि उजव्या बाजूची माती दोन्ही हातांनी दाबायला लागला. होऊन जाऊ दे एकदाचा पुरता ठसा, मग कोण काय म्हणणार! माती दबली. आणि त्याच्या तळहाताखालून परत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. आता ती गरम लागत होती, घामेजलेली, आत हाड असल्यासारखी. त्याच्या हाताखाली खांदा होता! नवशा किंचाळत बाहेर पडला आणि घरी जाऊन आईच्या पदरात तोंड खुपसून बसला.

"काय झाला रं, बाला?" नलूने विचारलं.

"काय नाय, आये." त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

पण गाव कुठे गप्प बसतं? पंचमंडळींनी बुधाला आणि जिवल्याला बोलावून घेतलं. भर दुपारी देवळामागे सगळे जमले. तरण्या पोरांच्या हातात वल्ही होती, आणि ती काही होडी वल्हवायला आणली नव्हती. मधोमध बुधा उभा, बाजूला जिवल्या. दोघांच्या मागे मोकळी गाडी.

"ही तुजी माती उचल," झुंबर म्हणाला, "आनि परत डोंगरच्या कुनी गावात पाय टाकायचा नाय. लाकडं नाय, गवत नाय, काय नाय."

बुधाने हात जोडले. "आमी खानार काय, दादा? पोरानं काय केलाय, ते तरी सांगा."

"त्यालाच विचार!" एकाने वल्हं उगारलं. बुधा पोराच्या आडवा आला आणि वल्हं त्याच्या दंडावर बसलं. म्हातारा कळवळून खाली बसला. दुसरं वल्हं वर गेलं.

"मारू नका!" नवशा ओरडला. आपण ओरडलो हे त्यालाच आधी कळलं नाही. "त्यानं करनी नाय केली. तो पडलाच नव्हता! त्याचा उजवा खांदा कोरा होता. मी माती चोळली त्याला. झटकतो सांगून चोळली!"

नलूने तोंडावर पदर घेतला. नवशाने जत्रेत मिळालेला डोक्याचा फेटा सोडला आणि हौदाकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ठसा जाईल. ठसा होता तसाच होता. आता अजून काय द्यायचं राहिलं?

तेव्हा गर्दीतून वामन वस्ताद पुढे आले. काठी टेकत आले, आणि नवशाकडे न बघता जिवल्यासमोर उभे राहिले.

"पोराला कशाला बोल लावता?" ते म्हणाले. "पंच मी होतो. मी बगितला होता तो खांदा. लोक वरडले, नि आपलाच पोर जिंकतोय बगून माजा हात वर गेला." ते लोकांकडे वळले. "तुमीबी काठावरच होता. तुमाला दिसला नाय?"

पोरांच्या हातातली वल्ही एकेक करत खाली गेली.

नवशाने फेटा जिवल्यापुढे धरला. जिवल्याने तो घेतला नाही. "मी जिंकलो नाय," तो म्हणाला. "पन पडलोबी नाय. तेवडा बोला. जत्रेत बोललात तसा, मोट्यानं."

वस्तादांनी छाती भरून श्वास घेतला. "जिवल्या पडला नाय!" ते ओरडले. आवाज ताडांच्या बनातून पार खाडीपर्यंत गेला असेल. हौदातली माती हलली. खोल गेलेला डावा खांदा हळूच वर आला, मग कंबर, मग टाचा, जसं कुणी कुणाच्या मदतीवाचून एकटं उठून जावं. माती सपाट झाली. बायांनी हात जोडले. झुंबर भगत कधी सटकला कुणास ठाऊक.

वस्तादांनी बुधाला धरून उठवलं. पालघरच्या मैदानात कोण जाणार हे नवशा आणि जिवल्या पुन्हा लढून ठरवतील, असं त्यांनी तिथेच सांगितलं. नवशाचा जीव भांड्यात पडला. त्याने जिवल्यापुढे हात केला.

जिवल्याने त्या हाताकडे बघितलं. पण धरला नाही.

"लडू," तो म्हणाला. "कदीबी लडू. पन माज्या पाठीला हात नाय लावायचा. माती मी माजी झटकीन."

बापाचा दुखरा दंड सांभाळत त्याने बैल जुंपले आणि गाडी डोंगराच्या वाटेला लागली. नवशाचा हात तसाच पुढे राहिला होता. इतके दिवस भीतीने त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता, सगळं मिटल्यावर, सगळ्या गावासमोर तो ढसाढसा रडला.