दिवाणावरचा ठराव

आमचं घर जुन्या पक्षाचं. आजोबा पक्षाचे, बाबा शाखाप्रमुख, आणि मी दुपट्यात असतानाच पक्षाचा झेंडा धरला होता, असं आई सांगते. पुढे तो मी चघळला, हे मात्र बाबा तिला सांगू देत नाहीत. बाबांनी आयुष्यात एकही मतदान चुकवलेलं नाही. एकदा तापानं फणफणलेले असताना दोघांनी उचललेल्या खुर्चीत बसून गेले होते. आहे ते जपावं, मालकाच्या मालकीला हात लावू नये, सरकारनं बाजारात नाक खुपसू नये, ही पक्षाची शिकवण. मलाही ती पटायची. लग्न होईपर्यंत.

लग्नानंतर आतली खोली आईबाबांकडे राहिली आणि बाहेरची आम्हाला मिळाली. बाहेरची म्हणजे दार उघडलं की समोर आमचा दिवाण. रात्री त्यावर आम्ही झोपतो आणि दिवसा त्यावर पक्ष बसतो. दिवाणाच्या पोटात बायकोचा सगळा संसार आहे. कपडे, पुस्तकं आणि लग्नात आलेला डिनर सेट. तो स्वतःच्या घरात गेल्यावरच उघडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

वर्षभर आम्ही भाड्याची खोली शोधत होतो. भाडी ऐकूनच तोंडचं पाणी पळायचं. शेवटी मी आमच्या अध्यक्षांकडे गेलो, कारण त्यांच्या तीन इमारती आहेत. त्यांनी चहा पाजला, पाठ थोपटली आणि घरचा माणूस म्हणून मला तेच भाडं सांगितलं जे परक्याला सांगतात. भाव बाजार ठरवतो, आपण कोण, असंही म्हणाले. मी हात हलवत परत आलो. त्याच सुमारास डाव्या पक्षानं घरभाड्याला मर्यादा घालण्याचं वचन दिलं. त्यांचं पत्रक बायकोनं डिनर सेटच्या खोक्यात ठेवलं. घरात तेवढीच एक जागा आमची होती.

निवडणुकीच्या तोंडावर एका रविवारी सकाळी आमच्याच घरी पक्षाच्या समितीची बैठक लागली. विषय होता, तरुण मतदार डावीकडे का सरकतोय. आम्ही अंथरूण आवरतो न आवरतो तोच समिती दिवाणावर बसली, मधोमध अध्यक्ष. एकानं मोबाइलला दोष दिला, दुसऱ्यानं सिनेमाला. तिसरे म्हणाले, हल्लीच्या पोरांना मुळंच नाहीत. माझं डोकं फिरलं. मुळं धरायला वीतभर जागा तर पाहिजे.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. ती नर्स आहे. ड्यूटीची वेळ झालेली आणि गणवेश दिवाणात, बरोब्बर अध्यक्षांच्या खाली. ती मला खुणावत होती, मी बाबांना खुणावत होतो आणि बाबा छताकडे बघत होते. तेवढ्यात अध्यक्षांनी मलाच विचारलं, तुम्ही तरुण, तुमचं काय म्हणणं?

"घरभाड्याला मर्यादा असावी, असा मी ठराव मांडतो," मी म्हणालो.

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. आमच्या पक्षात हात वर करत नाहीत. ठराव मान्य असेल त्यानं उठून उभं राहायचं, ही आजोबांच्या काळापासूनची रीत. आमच्या चिटणीसांना सगळे मागून नियमकाका म्हणतात. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, ठराव कुणाला मान्य आहे? कुणी हललं नाही. अध्यक्ष तर मांडी घालून आणखी रुतले.

तेव्हा बायको पुढे आली.

"काका, जरा सगळे उठता का? माझा संसार तुमच्याखाली आहे."

घरच्या सुनेनं असं म्हटल्यावर कोण बसून राहील? सगळे उठले. बाबांनी हात दिला तसे अध्यक्षही उठले. बायकोनं फळी उचलून गणवेश ओढला आणि ती कपडे बदलायला आत गेली. इकडे नियमकाकांनी लिहून टाकलं, एकमताने मंजूर.

अध्यक्षांनी हे उभं राहणं ते उभं राहणं नव्हे, असं सांगून पाहिलं. नियमकाका म्हणाले, कोण कशासाठी उभा राहिला हे विचारायची आपल्यात रीत नाही. असती तर आजवरचे निम्मे ठराव पडले असते.

मग अध्यक्षांची नजर उघड्या दिवाणात गेली. डिनर सेटच्या खोक्यातून ते पत्रक डोकावत होतं. शाखाप्रमुखाच्या घरात हे, एवढंच बाबांना म्हणाले आणि तरातरा निघून गेले. समितीही चपला शोधत त्यांच्यामागे गेली.

बाबा दिवाणाच्या कडेवर बसले. त्यांना दुखवणं माझ्या जिवावर आलं होतं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाबा, या वेळी आम्ही दोघं तिकडे मत देणार आहोत."

 बाबांनी खोक्यातली एक बशी काढली, बाहीनं पुसली आणि हा सेट कधी उघडणार होता, असं विचारलं. घर झाल्यावर, मी म्हणालो. त्यांनी ती बशी पुन्हा एकदा पुसली. मला फार वाईट वाटलं.

"या वयात मला बाजू बदलणं जमायचं नाही," ते म्हणाले. "पण मतदानाच्या दिवशी माझा गुडघा दुखणार आहे."

आईनं आतून विचारलं, "कुठला?"

बाबांनी बशी खोक्यात ठेवली आणि फळी हळूच खाली केली.

"दोन्ही."