मऊ पट्टी

शैलाने डोळे मिटले, मधलं बोट त्या मऊ काळ्या उंचवट्यावर टेकवलं आणि हलकेच उजवीकडे सरकवलं. गंधार निघाला आणि वाटेत कुठेही न अडखळता पंचमावर जाऊन बसला. तिने दाब वाढवला तसा सूर फुलला. सैल केला तसा मावळला.

"कसं वाटतंय, ताई?" पूर्वाने विचारलं.

शैलाने डोळे उघडले. अप्पा बळवंत चौकाजवळच्या वाद्यांच्या दुकानात त्या दोघी उभ्या होत्या. काउंटरवर पूर्वाचा आयपॅड होता आणि त्याला आळीपाळीने जोडून बघायला दुकानदार रामदासांनी दोन कंट्रोलर काढून ठेवले होते. कंट्रोलर म्हणजे नुसत्या पट्ट्या. आवाज सगळा आयपॅडमधल्या ॲपचा. एकाच्या पट्ट्या नेहमीसारख्या कडक, डावीकडे सूर वळवायचं चाक. दुसरा हा, रबरासारखा मऊ. यावर बोट सरकलं की सूरही सरकत होता.

उभा जन्म शैलाने पेटी वाजवली होती आणि उभा जन्म एकच ऐकून घेतलं होतं, की पेटीतून मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणं गळ्याला जमतं, सारंगीला जमतं. पेटीला मात्र जिना उतरल्यासारखं प्रत्येक पायरीवर पाय ठेवावा लागतो. आणि आता या काल आलेल्या पोरीला ते दुकानात आयतं मिळणार होतं, तेही हप्त्यांवर!

प्रियदर्शनीच्या गाण्याच्या कार्यक्रमांत तिच्या उजव्या हाताला शैलाने बसायचं, हे वीसेक वर्षं ठरलेलं होतं. गाता गाता काही मनासारखं जमलं की प्रियदर्शनी मान वळवून शैलाकडे बघायची. शैलाला बिदागीपेक्षा त्या वळलेल्या मानेचं अप्रूप. गेल्या दिवाळीपासून डाव्या हाताला पूर्वा येऊन बसली. मूळची अमरावतीची, नोकरी हिंजवडीत. आयपॅडच्या काचेवर बोट फिरवून सारंगीचा आवाज काढायची. हळूहळू मान डावीकडे वळायला लागली, आणि तेव्हापासून शैलाच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरला दाखवायचं ते दुखणं नव्हे.

देवाने एकच सोय ठेवली होती. काच सपाट. कुठला सूर कुठे आहे ते बोटाला कळत नाही, त्यामुळे पूर्वाची नजर काचेवरून हलायची नाही.

"मी इकडे गातेय, तू काचेत काय शोधतेस?" मागच्या तालमीत प्रियदर्शनी वैतागली होती. "मी कुठे थांबणार ते तुला कळणार कसं? काहीतरी बघ बाई यावर. नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला शैलाताई एकट्या पुरेत."

आणि मग शैलाकडे वळून म्हणाली होती, "तुम्ही जा हो हिच्याबरोबर. हाताला काय हवं ते तुम्हांला कळतं."

हाताला काय हवं ते शैलाला पहिल्या सुरातच कळलं होतं.

"हे नको," ती म्हणाली. "पुण्याच्या पावसाळ्यात हे रबर चिकट होईल. शिवाय बोट रुततं. कडक पट्टीच बरी."

रामदासांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मऊ कंट्रोलर खोक्यात ठेवला.

"तुम्ही म्हणता तर कडकच," पूर्वा म्हणाली. "मला यातलं काही समजून नाही राहिलं, ताई. तुम्ही आलात म्हणून बरं झालं."

बाहेर पडल्यावर पूर्वाने तिला उसाचा रस पाजला. शैला तो बर्फासकट प्यायली. गोड लागला.

पुढच्या तालमीला सदाशिव पेठेत प्रियदर्शनीच्या फ्लॅटवर सगळं शैलाच्या मनासारखं झालं. पूर्वा खालचा षड्ज धरून वर सूर फिरवायची. पण मींड घ्यायला तिने ते चाक फिरवलं की धरलेला षड्जही मागोमाग घसरायचा. प्रियदर्शनीच्या कपाळावर आठी पडली. शेवटी पूर्वाने चाकाचा नाद सोडला आणि साध्या पट्ट्या वाजवत राहिली, पायरी पायरीने. गायिकेची मान पुन्हा उजवीकडे वळायला लागली. त्या संध्याकाळी शैलाने घरी जाताना मंडईतून गजरा घेतला. कारण काही नव्हतं.

कार्यक्रमाच्या आधीची शेवटची तालीम. प्रियदर्शनीने अंतरा संपवून श्वास घेतला आणि त्या मोकळ्या जागेत एक हरकत आली. गंधारावरून निघून मध्यमाला निसटता स्पर्श, तिथेच दाब क्षणभर सैल, आणि मग पंचम. सूर सरकला नव्हता, पण सरकल्यासारखा वाटला.

"व्वा, शैलाताई!" प्रियदर्शनी सवयीने उजवीकडे वळली.

शैलाचे हात पेटीवर नव्हतेच. ती पदराने चष्मा पुसत होती.

मग प्रियदर्शनी सावकाश डावीकडे वळली.

"तू वाजवलंस? आवाज सारंगीचा खरा... पण ही तर यांची हरकत!"

"ताईंचंच बघून शिकली ना मी," पूर्वा लाजून म्हणाली. "आता काचेत बघावं नाही लागत. डोळे मोकळे झाले, मग बसल्या बसल्या ताईंचा हात बघत राहते. भात्याचा हात कुठे सैल करतात, तेसुद्धा."

प्रियदर्शनी हसली. म्हणाली, "शैलाताई, आता तुम्ही दोन झालात."

शैलाही हसली. न हसून सांगते कुणाला? पेटीत मींड निघत नाही म्हणून तिने ती हरकत तरुणपणी स्वतः घडवली होती, बोटं दुखेपर्यंत. ती तिने कुणाला शिकवली नव्हती. कुणी कधी विचारलंही नव्हतं. आणि आता तिनेच या पोरीला कडक पट्ट्या घ्यायला लावल्या, तिनेच तिचे डोळे मोकळे केले. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

निघताना दाराशी चप्पल घालता घालता ती म्हणाली,

"उद्या सकाळी दुकानात चल. ते बदलून घे. मऊच घे."

"पण रबर चिकट होईल म्हणाला होतात ना तुम्ही?"

"चुकलं माझं."

पूर्वा तिच्याकडे अशा काही नजरेने बघायला लागली की शैलाने खाली वाकून पायातच असलेली चप्पल पुन्हा घातली. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. मऊ पट्टी मिळाली की पोरगी मींड घेत बसेल, तिची वाट वेगळी होईल आणि आपली हरकत आपल्याकडे राहील, एवढा साधा हिशेब होता.

"मागे तुम्हीच म्हणालात, पुण्याच्या हवेत टिकणार नाही," दुसऱ्या दिवशी रामदास म्हणाले. "हवा बदलली वाटतं?"

"तुम्ही जोडा ते," शैला म्हणाली.

जास्तीचे पैसे घेऊन, थोडी कुरकुर करून त्यांनी मऊ कंट्रोलर जोडला. पूर्वाने दोन-चार सूर चाचपले, बोटांना उंचवटे सापडू दिले. मग डोळे मिटले. शैला दाराकडे तोंड करून उभी होती, रस्त्यावरच्या स्कूटर बघत.

पूर्वाने पहिली वाजवली ती तीच हरकत. पण यावेळी मध्यमाला पाय टेकला नाही. गंधारावरून सूर सुटला, मध्यमावरून वाऱ्यासारखा गेला, वाटेत किंचित मावळला आणि पंचमावर उजळला. जशी ती शैलाच्या डोक्यात इतकी वर्षं वाजत होती आणि पेटीतून एकदाही निघाली नव्हती, अगदी तशी.

"जमलं का, ताई?" पूर्वाने डोळे न उघडताच विचारलं.

शैला वळली. काउंटरपाशी आली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.