खंडेनवमीचं पाणी

सत्यवानाने बावीस वर्षं पत्रा वाकवणाऱ्या त्या बेंडिंग मशीनच्या पंच-डायला जपलं, तेवढं स्वतःच्या गुडघ्यांना जपलं असतं तर आज असं कण्हत खाली बसावं लागलं नसतं. वेंगुर्ल्याची हवा म्हणजे लोखंडाची वैरीणच. वरून दाबणारा पंच आणि खालची खाचेची डाय, दोन्ही रोज पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा, मगच घरी. काजूच्या कारखान्यांचे स्टीलचे ट्रे त्या खाचेत वाकायचे, पण त्यांवर कधी ओरखडा म्हणून दिसला नाही.

खंडेनवमीला मात्र गडी विरघळायचा. पंच-डाय साबणाने धुऊन तेलाचा अंश ठेवायचा नाही, हळदकुंकू, झेंडू आणि वर नारळाचं पाणी. दसऱ्याला सकाळी पूजा उचलून पुन्हा तेल. यंदा मोठी ऑर्डर आली होती, म्हणून त्याने पाणी अंमळ जास्तच ओतलं. आणि दसऱ्याला पहाटेच मिठबावच्या देवळात गेला, तो भावकीच्या आग्रहाने चार दिवस तिथेच रमला. तेल राहिलं ते राहिलंच.

परतला तर डायला लाल पापुद्रे. खरवडले तर खाली खड्डे. कोणाला न सांगता दोन दिवस तो पॉलिश पेपरने घासत बसला. खड्डे जाईनात, कडा मात्र झिजल्या आणि पत्रा काटकोनात वाकेनासा झाला. जीव लावून केलं ते असं अंगाशी आलं.

ट्रे परत आले, ऑर्डर गेली. एवढ्या जुन्या मशीनची डाय आता मिळत नव्हती. मालक सुदेशने मशीन भंगारात द्यायचं ठरवलं.

"खाऱ्या वाऱ्यापुढे कोणाचा काय चालता, सत्यवानदा?" तो म्हणाला. "तुमचो काय दोष?"

ही माया सत्यवानाला सोसेना.

"वारो न्हय, शेट. मीच केलंय ह्या. नवमीक पाणी घातलंय, आनी पुसूक काय येवक नाय."

सुदेशने डायवर फडकं टाकलं. मग हळूच म्हणाला, "ह्या भायर कोणाक सांगा नकात. उद्या दुसरीकडे काम मागूक गेलास तर तुमका कोण कामाक घेतलो?"

सत्यवानाने होकाराची मान हलवली. वेंगुर्ल्यापासून वैभववाडीपर्यंत दुसरं बेंडिंग मशीन त्याच्या तरी माहितीत नव्हतं.