देवळामागची विहीर

आमचं ख्रिस्ती देऊळ विहिरीतून वर आलं असं मी म्हटलं, की नगरहून आलेले पाळकसाहेब हसतात. हसू देत. गावच्या विहिरीला आम्हा महारांना शिवू देत नव्हते. लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. म्हणून माझ्या आज्यानं आणि त्याच्या भावकीनं येशूचं नाव घेतल्यावर आधी विहीर खणली, आणि तिच्यातून निघालेल्या काळ्या दगडांनी देवळाच्या भिंती रचल्या. मिशनच्या गोऱ्या साहेबानं दिली ती घंटा आणि कौलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक लेकराचा बाप्तिस्मा त्याच विहिरीच्या पाण्यानं होत आला, आणि ते पाणी आणायची घागर आमच्या घरची.

विहीर कुणाच्या नावावर करायची, हा विषय कुणी काढलाच नाही. देवाची म्हटल्यावर कागद कशाला? आमचं खुळं शहाणपण, दुसरं काय.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या सगळ्या विहिरी आटल्या, आमचीच तेवढी टिकली. त्याच वर्षी देवळाची फुटकी कौलं जाऊन नवे पत्रे चढले. माझा सख्खा भाऊ आसाराम देवळाच्या मंडळीचा पंच. पत्रे त्यानं मिळवले म्हणून सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मीसुद्धा.

पत्रे चढल्यावर पुढच्याच रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता. सकाळी घागर घेऊन गेले, तर विहिरीभोवती काट्यांचं कुंपण आणि आत पाटलाचा गडी.

"रतनबाय, लांब हुबी ऱ्हा. घागर ठिव खाली, मी वरनं वततो."

"आमच्याच हिरीवर?"

"तुझ्या भावानं पाटलाला दिली न्हवं का, पत्र्याच्या बदल्यात."

मी घागर खाली ठेवली नाही. रिकामी घागर घेऊन परत आले.

उपासनेला आसाराम भरली घागर घेऊन आला. "आपल्याच हिरीचं पानी हाय, साहेब," म्हणाला. लोक खूश झाले.

नातीला कडेवर घेऊन मी उभी राहिले. "आसाराम, हे पानी तू शेंदलंस?"

"आक्का, देवळात नगं."

"शेंदलंस, का लांबून घागर धरलीस?"

"गड्यानं वरनं वतलं," तो पुटपुटला. परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते. हा तर माझ्याच आईच्या पोटचा.

पाळकसाहेबांनी बाळासाठी हात पुढे केले. मी दिलं नाही. ज्या वरून ओतलेल्या पाण्यापायी आज्यानं विहीर खणली, ते पाणी मी माझ्या नातीच्या कपाळाला लागू देणार नव्हते.