अकराव्या मजल्यावरची उडी

मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे किती, तर चार वर्षांचा. पण मित्रांनो, आमच्यात चार वर्षे म्हणजे काठी टेकण्याचे वय. तरुणपणी मी फार मोठे दिवे लावले होते असेही नाही. कारखान्यात माझ्या पोटात बसवलेला प्रोसेसर तेव्हाच दोन पिढ्या मागचा होता, आणि खोक्यावर मात्र लाल अक्षरांत 'वेगवान' असे छापले होते. ते वाचून माझी मलाच लाज वाटली.

मला ठकीने आणले. ठकी झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती आणि आपल्या आत्याजवळ राहत होती. मोबाईलच्या दुकानातला सर्वांत स्वस्त टॅब मी होतो, म्हणून तिने मला उचलले. बातम्या वाचायला, बिले भरायला आणले असते तर माझा संसार सुखाचा झाला असता. पण मला आणले ते आत्याच्या एका खेळासाठी.

आत्या तरुणपणी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये नाणी बदलून देण्याच्या खिडकीत बसायची. गिऱ्हाईक नसले की कोपऱ्यातल्या मशीनवर एकच खेळ खेळायची. एक टोपीवाला माणूस, एक बुरूज, अकरा मजले आणि सगळ्यात वर एक बंद दार. दहा मजले ती चढली होती. मग पार्लर बंद पडले, मशीन टेम्पोत चढले आणि दार राहून गेले. आता तिला काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली परत यायची नाही, उरलेली जपू. तेव्हा आत्या ठकीला म्हणाली, "डोळे जायच्या आत मला ते दार उघडायचंय."

"अगं, इंटरनेटवर कुणाचा तरी व्हिडिओ असेल. बघून टाक ना."

"दुसऱ्यानं उघडलेल्या दारातून मी डोकावू? मग तीस वर्षं कशाला थांबले?"

ठकीने माझ्यात एम्युलेटर घातला. म्हणजे मी टॅब असून त्या जुन्या मशीनचे सोंग घ्यायचे. सोंग घेणे सोपे असते, ते वठवणे कठीण. खेळाला सेकंदाला साठ चित्रे लागत, मी जेमतेम अडतीस देई. आवाज तुटक यायचा. आत्याने बटण दाबले की माणूस जरा वेळाने उडी मारायचा.

"हा उडी मारतोय की रजेचा अर्ज टाकतोय?" आत्याने पहिल्याच दिवशी विचारले.

ठकीने चित्र बारीक केले, दर दुसरे चित्र गाळायला लावले, बाकीची सगळी अ‍ॅप्स उडवली. माझी बॅटरी टिकत नसे, म्हणून चार्जर लावूनच खेळायचे. त्याने मी तापायचो, आणि तापलो की आणखी मंद व्हायचो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मग ठकी मला पालथ्या स्टीलच्या ताटावर, पंख्यासमोर ठेवायची. आत्याने तर माझा उशीर अंगवळणीच पाडून घेतला. खड्डा यायच्या आधीच ती बटण दाबायची. "गरीब आहे बिचारा, पण करतो हो," असे एकदा म्हणाली. मित्रांनो, आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच.

दोन महिन्यांत ती अकराव्या मजल्यावर पोचली. रोज खेळ थांबवताना ठकी 'सेव्ह' दाबायची. माणूस असेल तिथे, त्या क्षणी थिजायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच चालू लागायचा. नवा सेव्ह जुन्याच्या जागी बसायचा. दोन्ही वेगवेगळे ठेवायची सोय माझ्यात होती, पण ठकीने ती कधी वापरली नाही.

आत्याच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा दिवस उजाडला. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि आत्या अजून खेळतच होती. माणूस शेवटच्या फळीवर येऊन उभा राहिला. समोर एक दरी आणि पलीकडे दार. ती फळी तीन सेकंदांत मोडते.

"ठेव, ठकी, लवकर ठेव! आल्यावर उडी मारते," आत्या ओरडली आणि चष्मा काढून उठलीसुद्धा.

ठकीने बटण दाबले. मी तापलेला होतो. मला अर्धा सेकंद उशीर झाला. तेवढ्यात फळी मोडली, आणि मी पडणारा माणूस जपून ठेवला.

ठकीने सेव्ह उघडून पाहिला. माणूस हवेत होता, पायाखाली काही नव्हते, मग खाली गेला. तिने पुन्हा उघडला. पुन्हा तेच. आधीचा सेव्ह पुसला गेला होता.

"ठेवलंस ना गं?" दारातून आत्याने विचारले.

"ठेवलं."

शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला ती दुसरे काय सांगणार होती? मी तिला दोष देत नाही.

शस्त्रक्रियेने काही वाचले नाही. पट्टी निघाली तेव्हा आत्याला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. पहिल्या मजल्यापासून पुन्हा चढायचे तर बुरूज दिसायला हवा. पण एक उडी आपण नुसत्या आवाजाच्या अंदाजाने मारू, असे तिला वाटते. रोज संध्याकाळी ती मला मांडीवर घेते आणि ठकीला म्हणते, "लाव गं." ठकी सेव्ह उघडते. आत्या श्वास रोखून बटण दाबते. पडल्याचा आवाज येतो.

"चुकले," ती म्हणते. "बोटं म्हातारी झाली माझी. उद्या बघू."

ठकीने अजून खरे सांगितलेले नाही. सांगितले तर आत्याला उद्याची संध्याकाळही उरणार नाही, याची तिला भीती वाटते. मलाही वाटते. पण हल्ली आत्या जेवताना पेला धरतानाही म्हणते, "आता या बोटांचा काही भरवसा नाही." ते ऐकवत नाही.

माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उचकटली आहे. फार दिवस मी चालणार नाही. वस्तू जपा, असे सांगून निरोप घ्यायची आमच्यात रीत आहे. पण मला जपून आता कोणाचेच भले होणार नाही. तुमच्यापैकी कोणाची त्या घरी ये-जा असेल, तर मला बोलता येत नाही म्हणून आत्याला एवढे सांगा, की तिची बोटे चुकत नाहीत. तो माणूस तिच्या हाती येण्याआधीच पडलेला असतो.