तेल घातलेलं घर

डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे मला उजेड आहे की अंधार एवढंच कळेल. दादा खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याच्या बुटांच्या आवाजावरूनच मला कळलं की तो रडतोय. वहिनींनी मात्र विचारून घेतलं, जिना चढता येईल का, गॅस पेटवू द्यायचा का आणि सुया हातात धरल्या तर चालतील का. सुया विणकामाच्या. माझं पोट त्यांच्यावर चालतं.

गाडीत बसल्या बसल्या दादाने ठरवून टाकलं की मी आता त्यांच्याकडेच राहायचं. माझं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पण तिथल्या भिंतीही मला ओळखतात. वहिनीच म्हणाल्या, "वन्संना त्यांच्या घरी राहू दे. घर तेवढं नीट करून देते मी." दादा म्हणाला, ठीक, पण एकदा जरी पडली तरी सामान बांधायचं. तसं ठरलं.

भावजयीची गाणी नणंदांनी गावीत, कुणी गोडीची, कुणी कडू. माझ्या वहिनी कुठल्याच गाण्यात बसत नाहीत. आई गेली तेव्हा आम्ही सगळे गळ्यात गळे घालून रडत होतो आणि त्या आत सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या. बाईच्या डोळ्याला पाणी नाही, असं मावशी पुटपुटली. चहा मात्र तिनेही दोनदा घेतला.

तर वहिनी आल्या, बाह्या सरसावून. वाटेतलं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. खुर्च्यांच्या पायांना रबर बसवलं. खिडकीची खुळखुळणारी काच पक्की केली, उंबऱ्याजवळची हलणारी फरशी सिमेंटने बसवली. प्रत्येक बिजागरीला तेल घातलं आणि सगळ्या दारांना एकसारख्या गोल मुठी लावल्या, हाताला सोप्या. "आता तुम्ही कशाला म्हणून अडखळणार नाही," असं त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या की मी त्यांचा हात हातात घेतला. हाताला तेलाचा वास होता.

त्या गेल्या आणि घर मुकं झालं.

नजर विरत होती त्या दिवसांत माझ्या नकळत माझे कान शहाणे झाले होते. बाहेरचं दार कण्हायचं, न्हाणीघराचं चिरकायचं. काच खुळखुळायची, रस्ता इकडे आहे बाई. स्टूल कमरेला लागायचं, इथून डावीकडे वळ बाई. आणि उंबऱ्याजवळची फरशी टक् करायची, पुढे जिना आहे, जपून बाई. आता कुणीच काही बोलेना. माझ्याच घरात मी पाहुणी होऊन भिंती चाचपत फिरायला लागले.

पण सांगायचं कसं? माझ्यासाठी ज्यांनी गुडघे टेकून फरशी बसवली, त्यांना काय म्हणायचं, की तुमच्या कष्टांनी माझी वाट बुडाली? वहिनी फोनवर विचारायच्या आणि मी म्हणायची, छान चाललंय.

मग एके दिवशी न्हाणीघराचं म्हणून मी दार उघडलं ते बाहेरचं. मूठ तीच, आवाज कसलाच नाही. फरशी टक् झाली नाही आणि पुढचं पाऊल जमिनीवर पडलंच नाही. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. गुडघा सोलून निघाला.

दादा रिकाम्या बॅगा घेऊनच आला. बरोबर वहिनी. दादा कपाट उघडून कपडे काढायला लागला. वहिनी एकेक दार उघडून मिटून बघत होत्या. आपल्या कामात खोट कुठे राहिली, हे त्यांना समजेना.

"वन्सं, कशाला अडखळलात तेवढं सांगा."

"अडखळायला काही उरलंच नाही, वहिनी," मी म्हणाले. "दारांच्या आवाजावर चालत होते मी."

त्यांनी हातातलं दार सोडलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कुरकुर हवी होती तुम्हाला? आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या राबलात..."

"राबले तर राबले. चुकलं तर चुकलं म्हणायचं. मला न सांगता कळत नाही, वन्सं. मी तशी घडलेच नाही."

एवढं बोलून त्यांनी दादाच्या हातातले कपडे काढून घेतले आणि त्याला सोड्याचं गरम पाणी करायला पाठवलं. बिजागऱ्या घासून घासून धुतल्या, तरी दारं कुरकुरेनात. दादा म्हणाला, तुझ्या हातचं काम, ते बिघडणार कुठे? मला हसू फुटलं, आणि मग त्यालाही. शेवटी न्हाणीघराच्या मुठीला जुन्या किल्ल्यांचा जुडगा बांधला, बाहेरच्या दाराला घुंगरू. फरशी छिन्नीने उकरून पुन्हा सैल केली. स्टूल जागेवर आलं. मग दादाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून त्याला घरभर चालवलं. तो स्टुलावर आपटला, तेव्हा त्या म्हणाल्या, बरोबर, इथून डावीकडे.

नंतर मी चालले. स्टूल, वळण, फरशी टक्. थांबले. घुंगरू वाजवून दार उघडलं, हात कठड्यावर ठेवला. मागे बॅगांच्या चेनी ओढल्याचा आवाज आला, एकामागून एक. बॅगा रिकाम्याच होत्या.

निघताना मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, वहिनी, तुमचे केस पिकलेले मला कधी दिसायचे नाहीत. दुसरी कुणी असती तर जवळ घेतलं असतं. वहिनी जरा अवघडल्या आणि म्हणाल्या, "डोळ्यांत थेंब घालू का?"

मी रडता रडता हसले. थेंब घालूनही घेतले.

वहिनींचं पाऊल मांजरीसारखं, कधी आल्या ते कळायचं नाही. पुढच्या खेपेला जिन्यात टक टक टक असा आवाज वर चढत आला. मी विचारलं, हे काय? त्यांनी चपलांच्या टाचांना लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. "तुम्ही दचकायला नको," म्हणाल्या, आणि पिशवीतली भाजी काढायला लागल्या. दादा सांगतो, सवय राहावी म्हणून त्या घरीही तसल्याच चपला घालतात आणि पहाटेपासून त्याची झोप उडते.

आता जिना वाजायला लागला की मी सुया बाजूला ठेवते. स्टूल, डावीकडे, टक्. त्यांनी कडीला हात लावायच्या आत दार उघडलेलं असतं.